कानातली शिट्टी, कुशीवरची गरगर आणि ड जीवनसत्त्वाचा आकडा

तुम्ही कळवलेल्या माहितीचा सारांश असा आहे. वय ५२. गेल्या आठ महिन्यांपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि रात्री सामसूम झाली की तो असह्य वाटतो. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्वाची पातळी १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाली. ही कमतरता भरून निघाली की आवाज थांबेल, असे तुम्हाला सांगण्यात आले आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवडे उलटले, तरी आवाज जसाच्या तसा आहे. शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ जोडली आहे, की अलीकडे अंथरुणात कूस बदलताना दोनदा सगळी खोली गरगर फिरल्यासारखी वाटली. श्रवणचाचणी मात्र अजून झालेली नाही, कारण ‘ऐकू तर नीट येते’.

आधी थेट उत्तर देते. १४ हा आकडा कमी आहे आणि ती कमतरता भरून काढणे योग्यच आहे. पण ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी, कानातल्या शिट्टीवरचा उपाय म्हणून नव्हे. सहा आठवड्यांत आवाज गेला नाही यात गोळ्यांचे काही चुकले नाही आणि तुमचेही नाही. अपेक्षाच भलत्या ठिकाणी बांधली गेली होती. उलट, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या ओळीचा, म्हणजे कुशीवर वळताना होणाऱ्या गरगरीचा, ड जीवनसत्त्वाशी असलेला संबंध शिट्टीच्या संबंधापेक्षा कितीतरी अधिक पक्का आहे.

ड जीवनसत्त्व नावाने जीवनसत्त्व असले तरी शरीरात त्याचे वागणे संप्रेरकाचे आहे. त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण पडले की त्याचे डी-३, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे एक रूप, बनते. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होऊन २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तयार होते आणि मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे सक्रिय रूप मिळते. प्रयोगशाळेत मोजले जाते ते यकृतातून आलेले मधले रूप, कारण त्याचे अर्धायुष्य दोन ते तीन आठवड्यांचे असते, तर सक्रिय रूप काही तासांतच ओसरते. म्हणजे तुमच्या अहवालातला १४ हा आकडा शरीरातल्या साठ्याचा अंदाज आहे. त्या साठ्यातले किती कानाच्या पेशींच्या कामी आले, हे त्यावरून कळत नाही.

तरीही कानाशी या द्रव्याचा काही संबंध असावा, असे मानायला सबळ कारणे आहेत. आतला कान हा शरीरातल्या अशा मोजक्या जागांपैकी आहे जिथे कॅल्शियमचा हिशेब फार काटेकोरपणे ठेवावा लागतो. शंखासारख्या वेटोळ्याच्या कॉक्लियात एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. त्यात पोटॅशियम भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प, रक्तातल्या मुक्त कॅल्शियमपेक्षा कितीतरी पटींनी कमी. या द्रवात डोके बुडवून उभ्या असलेल्या केशपेशी आवाजाच्या कंपनांचे रूपांतर विद्युतसंदेशांत करतात आणि त्या द्रवातले क्षारांचे प्रमाण थोडे जरी ढळले तरी त्यांच्या कामात बिघाड होतो. द्रवातले जास्तीचे कॅल्शियम ओढून घेणारे जे मार्ग पेशींच्या आवरणात असतात, त्यांच्या निर्मितीवर ड जीवनसत्त्वाचे नियंत्रण असते आणि ड जीवनसत्त्वाचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिने, आतल्या कानाच्या पेशींतही सापडले आहेत. हे ग्राही जनुकीय बदलाने निकामी केलेल्या उंदरांचे वय वाढते तशी त्यांची ऐकण्याची क्षमता लवकर घटते आणि त्यांचा तोलही बिघडतो, असे प्रयोगांत दिसले आहे. माणसांच्या बाबतीत ब्रूक्स या ब्रिटिश कर्णशल्यचिकित्सकांनी १९८३ मध्येच ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेला बहिरेपणाचे एक संभाव्य नवे कारण म्हणून मांडले होते. त्यांचे रुग्ण मूठभर होते आणि कमतरता भरून काढल्यावर सुधारणा झालेले त्याहूनही थोडे. पण कल्पना तेव्हापासून जिवंत आहे. शिवाय कॉक्लिया ज्या हाडात कोरलेली असते ते हाडही शेवटी हाडच आहे आणि हाडाच्या चयापचयाचे काही विकार तिच्यापर्यंत पोहोचतात.

इथपर्यंतचा युक्तिवाद आकर्षक आहे आणि मीही एके काळी त्याला भुलले होते. अडचण अशी, की ‘या पेशीला अमुक द्रव्य लागते’ आणि ‘ते द्रव्य दिले की रुग्णाचा आवाज थांबतो’ या दोन विधानांमध्ये फार मोठे अंतर आहे. ते ओलांडायचे तर कर्णनाद म्हणजे काय हे आधी पाहावे लागेल.

बाहेर कोणताही ध्वनी नसताना तो ऐकू येणे म्हणजे कर्णनाद, ज्याला वैद्यकात टिनिटस म्हणतात. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये केलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना तो कधी ना कधी जाणवतो आणि सुमारे २ टक्क्यांना तो तीव्र स्वरूपात असतो. बहुतेकांमध्ये त्याची सुरुवात कानात होते, पण तो आवाज घडतो मेंदूत. वयाने, मोठ्या आवाजाने किंवा अन्य कारणाने कॉक्लियाच्या काही भागातून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतली श्रवणकेंद्रे ती तूट भरून काढण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवतात. रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसले की आपण बटण फिरवून आवाज वाढवतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसाच काहीसा प्रकार इथे घडतो. त्या खरखरीकडे मेंदूने धोक्याची सूचना म्हणून पाहायला सुरुवात केली की ती सतत लक्ष वेधून घेते, झोप मोडते, आणि झोप मोडली की ती आणखी तीव्र भासते.

रात्री ती अधिक का जाणवते, याचे उत्तरही यातच आहे. हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० व्यक्तींना आवाजरोधक खोलीत काही मिनिटे बसवले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के लोकांना गुणगुण, शिट्टी किंवा तत्सम काहीतरी ऐकू आले. मेंदूच्या श्रवणमार्गात नेहमी चालू असलेली ही कुजबुज दिवसा बाहेरच्या आवाजांत बुडून जाते. म्हणून रात्री खोली अगदी निःशब्द ठेवू नका. पंख्याची घरघर किंवा पावसाचा ध्वनिमुद्रित आवाज शिट्टीपेक्षा किंचित खालच्या पातळीवर चालू ठेवला तरी पुष्कळांना निवांतपणा मिळतो.

आता ड जीवनसत्त्व आणि कर्णनाद यांवरचा प्रत्यक्ष पुरावा. सर्वाधिक उल्लेख होतो तो पोलंडमधील एका अभ्यासाचा, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कर्णनादाच्या सुमारे २०० रुग्णांची तुलना कर्णनाद नसलेल्या सुमारे २६० लोकांशी केली होती. रुग्णांच्या गटातली ड जीवनसत्त्वाची सरासरी पातळी जवळपास २० होती, तर तुलनेच्या गटात ती २७ च्या आसपास होती, आणि निम्म्या रुग्णांत सरळसरळ कमतरता आढळली. आकडे खोटे नाहीत आणि संशोधकही प्रामाणिक आहेत. पण अशा अभ्यासात दोन गोष्टी एकाच वेळी मोजल्या जातात. त्यांतली आधी कोणती आली आणि नंतर कोणती, हे त्यावरून ठरवता येत नाही.

ज्याला महिनोन्‌महिने कानात आवाज येतो तो माणूस हळूहळू घराबाहेर पडणे कमी करतो. गर्दीत बोलणे समजत नाही, म्हणून समारंभ टाळतो; झोप झालेली नसते, म्हणून सकाळचे फिरणे सुटते; मन खचलेले असते, म्हणून व्यायाम थांबतो आणि वजन वाढते. यांतल्या प्रत्येक गोष्टीने रक्तातले ड जीवनसत्त्व खाली येते, कारण ऊन मिळत नाही आणि वाढलेल्या चरबीत हे जीवनसत्त्व अडकून पडते. वयाचाही असाच दुहेरी परिणाम होतो: वाढत्या वयात त्वचेची ड जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता घटते आणि त्याच वयात ऐकणेही कमी होऊ लागते. त्यात भर म्हणजे शरीरात कुठेही दाह चालू असला की हा आकडा तात्पुरता खाली घसरतो. तेव्हा कमी पातळी हे आजाराचे कारण आहे, परिणाम आहे, की दोघांच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच गोष्टीची सावली आहे, हे एका रक्ततपासणीवरून सांगता येत नाही.

हा धोका किती खरा आहे ते इतर आजारांच्या बाबतीत आपण पाहिले आहे. ड जीवनसत्त्वाची पातळी कमी असणाऱ्यांत हृदयविकार आणि कर्करोग अधिक दिसतात, असे अनेक निरीक्षणांत आढळले होते. मग अमेरिकेत व्हायटल ही चाचणी झाली: २५,८७१ प्रौढ सहभागी, त्यांतल्या निम्म्यांना रोज २००० एकक डी-३ आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, पाच वर्षांहून अधिक काळ. २०१८ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कर्करोग होण्याचे किंवा हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. कर्णनादाची गोष्ट वेगळी निघेल असे मानायला आज तरी आधार नाही. अमेरिकेतील कान, नाक, घसा शल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०१४ मध्ये कर्णनादासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत जिंको ही वनस्पती, मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक, जस्त आणि इतर पूरक आहारद्रव्ये कर्णनादावरचा उपचार म्हणून सुचवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. मी त्याच मताची आहे.

मग गोळ्यांनी आवाज कमी झाला असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? अजिबात नाही. कर्णनाद भरती-ओहोटीसारखा असतो आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या वेळी. त्यानंतर काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी ओहोटी येण्याची शक्यता असतेच. आणि ती आली की श्रेय हातातल्या गोळीला जाते. शिवाय कमतरता खरोखर मोठी असेल तर ती भरून निघाल्यावर अंगदुखी आणि थकवा कमी होऊ शकतो, आणि अंग हलके झालेल्या माणसाला तोच आवाज कमी छळतो. हा लाभ खरा आहे, फक्त तो कानात झालेला नाही. आपल्या बाबतीत काय घडते आहे हे पाहायचे असेल तर ‘आज बरे वाटते’ यावर विसंबू नका. कर्णनादाच्या त्रासाची एक प्रमाणित प्रश्नावली आहे, २५ प्रश्नांची आणि ० ते १०० गुणांची. ती आज भरा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरा. साधारण ७ गुणांहून कमी फरक पडला तर त्याला बदल मानू नये.

आता त्या गरगरीविषयी. कूस बदलताना, उशीवर डोके टेकताना किंवा वरच्या फळीकडे पाहताना काही सेकंद खोली फिरते आणि मग थांबते, हे वर्णन ज्या विकाराशी तंतोतंत जुळते त्याला बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याच्या विशिष्ट स्थितीत येणारी सौम्य चक्कर म्हणतात. आतल्या कानात, तोल सांभाळणाऱ्या भागात, कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका मऊसर थरावर बसलेले असतात. गुरुत्वाकर्षणाची जाणीव आपल्याला त्यांच्या वजनामुळे होते. हे स्फटिक सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके हलवताच ते तिथला द्रव ढवळतात आणि मेंदूला वाटते की आपण फिरत आहोत. स्फटिकांचा कच्चा माल कॅल्शियम, त्यांच्याभोवतीच्या द्रवातल्या कॅल्शियमवर ड जीवनसत्त्वाचा ताबा. तेव्हा कमतरतेत हे स्फटिक ठिसूळ होतात आणि सुटे पडलेले लवकर विरघळतही नाहीत, ही कल्पना सहज पटण्यासारखी आहे.

इथे मात्र गोष्ट कल्पनेवर थांबलेली नाही. कोरियात आठ रुग्णालयांनी मिळून केलेली एक यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. स्फटिक जागेवर बसवून बरे झालेल्या सुमारे एक हजार रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटातील ज्यांची ड जीवनसत्त्वाची पातळी २० च्या खाली होती त्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० एकक ड जीवनसत्त्व आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दिले. दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवले. चक्कर पुन्हा येण्याचे प्रमाण पहिल्या गटात दरवर्षी माणशी ०.८३ वेळा, तर दुसऱ्यात १.१० वेळा होते, म्हणजे जवळपास एक चतुर्थांशाने कमी. चाचणीत उणिवा आहेत: दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी दिली नव्हती आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व एकत्र दिल्याने श्रेय नेमके कोणाचे हे वेगळे काढता येत नाही. तरीही लक्षात घ्या, ही मात्रा दिवसाला ८०० एकक इतकी साधी होती आणि परिणाम मोजण्यासारखा होता. कर्णनादाच्या बाजूला या तोडीचा पुरावा ठेवता येत नाही.

पण घाई इथेही नको. चालू असलेली चक्कर गोळीने थांबत नाही. आधी तपासणीच्या पलंगावर डिक्स-हॉलपाइक चाचणी करून, डोळ्यांची विशिष्ट थरथर पाहून, कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरवावे लागते. मग एपली पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक परत जागी नेता येतात. पुष्कळ रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. ड जीवनसत्त्वाचे काम त्यानंतरचे, पुन्हा पुन्हा होणारा त्रास कमी करण्याचे आहे. चकरेबरोबर बोलणे अडखळणे, एक वस्तू दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी असेल तर मात्र हा विषय कानाचा राहत नाही आणि तातडीने रुग्णालय गाठायला हवे.

कानाच्या इतर विकारांबद्दल थोडक्यात. लहान मुलांच्या मधल्या कानाला वारंवार होणाऱ्या संसर्गावर इटलीत ११६ मुलांची एक चाचणी झाली, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. चार महिने रोज १००० एकक ड जीवनसत्त्व दिलेल्या मुलांत असे संसर्ग कमी दिसले. चाचणी छोटी आहे, पण दिशा आशादायक आहे. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणावर किंवा अचानक आलेल्या बहिरेपणावर ड जीवनसत्त्व हा उपचार नाही. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले तर गोळ्यांचा विचार करत दिवस घालवणे फार महागात पडते. त्या अवस्थेत स्टिरॉइड शक्य तितक्या लवकर, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू होणे महत्त्वाचे असते.

तुमच्या बाबतीत मला सर्वाधिक खटकली ती गोष्ट म्हणजे न झालेली श्रवणचाचणी. माझ्याकडे ड जीवनसत्त्वाचे तीन-तीन अहवाल क्रमाने लावून आणणारे रुग्ण येतात आणि त्यांच्या कानात दुर्बीण घालून कोणी पाहिलेलेही नसते. अशाच एका गृहस्थांच्या कानात पडद्याला टेकलेला मळाचा खडा होता. तो काढला आणि त्यांचा आवाज खुर्चीवरून उठेपर्यंत निम्म्यावर आला. सर्वांचे असे होत नाही, हे उघड आहे. पण ‘ऐकू नीट येते’ हा आपला स्वतःचा अंदाज फार फसवा असतो. उंच पट्टीतल्या ध्वनींची श्रवणशक्ती आधी घटते आणि समोरासमोरच्या बोलण्यात ती उणीव बराच काळ जाणवत नाही. बारीक शिट्टीसारखा कर्णनाद बहुधा त्याच पट्टीत असतो. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच जाते, त्यामुळे ती चांगली आली तरी त्यापलीकडे बिघाड असू शकतो. तेव्हा अधिक उंच पट्टीची चाचणी करून घेता येते.

श्रवणचाचणीत घट निघाली तर श्रवणयंत्राचा प्रयोग करून पाहा. मेंदूला तुटलेले संदेश परत मिळू लागले की त्याला आवाज वाढवून ऐकण्याची गरज उरत नाही आणि पुष्कळांची शिट्टी मागे पडते. त्रास मनाला लागला असेल, झोप आणि एकाग्रता बिघडली असेल, तर ज्या उपचाराच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. कोक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणारी संस्था आहे. तिच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. उपचाराची वाट पाहत असलेल्या लोकांशी तुलना करता, वर सांगितलेल्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर त्रास सरासरी ११ गुणांनी घटला होता. आवाज किती मोठा आहे यात फारसा फरक पडत नाही, पण त्याची धास्ती उतरते, आणि धास्ती उतरली की दिवसाचे कितीतरी तास त्याची आठवणच होत नाही. रुग्णांना हे पटवणे अवघड जाते, कारण ‘सगळे मनाचे आहे’ असे डॉक्टर म्हणतात असा त्यांचा समज होतो. तसे मी म्हणत नाही. आवाज खरा आहे. त्याच्याशी असलेले तुमच्या मेंदूचे नाते बदलता येते, एवढाच याचा अर्थ.

तुम्ही घेत असलेल्या इतर औषधांची यादीही तज्ज्ञांना दाखवा. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनीन, लघवी वाढवणारी काही तीव्र औषधे, अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके आणि सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगावरची औषधे कर्णनाद निर्माण करू शकतात. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा दोन कानांच्या श्रवणशक्तीत ठळक फरक निघाला, तर एमआरआय किंवा रक्तवाहिन्यांची तपासणी लागते. श्रवणचेतेवरची सौम्य गाठ किंवा रक्तवाहिनीतला दोष अशा वेळी शोधायचा असतो. तुमचा आवाज दोन्ही कानांत आणि स्थिर आहे, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते, पण तो निर्णय श्रवण आलेख पाहिल्यावरच करायचा.

राहिला प्रश्न गोळ्यांचा. किती पातळी पुरेशी, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील वैद्यक संस्थेच्या समितीने १२ च्या खाली कमतरतेचा धोका आणि २० ही जवळपास सर्वांना पुरेशी पातळी मानली. तेथील अंतःस्रावशास्त्राच्या संघटनेने २०११ मध्ये २० च्या खाली कमतरता आणि ३० च्या वर पुरेसे असे म्हटले, पण २०२४ मध्ये आपलेच हे उंबरठे मागे घेतले आणि निरोगी प्रौढांत ही चाचणी सरसकट करू नये असेही सुचवले. तुमचा १४ हा आकडा कोणत्याही मोजपट्टीवर २० च्या खालीच आहे, त्यामुळे तुमच्यापुरता हा वाद गौण आहे. अहवालाचे एकक मात्र बघून घ्या: काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात आणि तो अडीचपट मोठा दिसतो, म्हणजे १४ नॅनोग्रॅम तिथे ३५ छापले जातील.

आठवड्याला एकदा घ्यायची मोठी मात्रा ठरावीक आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर हरकत नाही. आवाज जात नाही म्हणून ती स्वतःच्या मनाने पुढे चालू ठेवणे किंवा दुप्पट करणे मात्र धोक्याचे आहे. ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षांवरील २,२५६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा एकदम पाच लाख एकक देऊन पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आला तो असा, की ज्यांना औषध दिले त्याच अधिक वेळा पडल्या आणि त्यांचीच हाडे अधिक मोडली. नेहमीसाठी प्रौढांना रोज ६०० एकक आणि सत्तरीनंतर ८०० एकक ही शिफारस आहे, तर देखरेखीविना रोज ४००० एककांची मर्यादा ओलांडू नये. जास्तीचे ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठते आणि रक्तातले कॅल्शियम वाढवते. सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. मूतखड्याचा पूर्वेतिहास, सारकॉइडोसिस, मूत्रपिंडाचा विकार, किंवा थायझाइड गटातील रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

पुढची रक्ततपासणी उपचार सुरू केल्यापासून साधारण तीन महिन्यांनी करा. त्याआधी पातळी स्थिरावत नाही आणि मधल्या अहवालांनी केवळ घालमेल वाढते. केस आणि नखांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा, कारण काही यंत्रांवर त्यांच्यामुळे ड जीवनसत्त्वाचा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. श्रवणचाचणी आणि डिक्स-हॉलपाइक तपासणी मात्र त्या तारखेसाठी थांबवू नका. त्या दोन्ही याच आठवड्यात करून घ्या आणि तेव्हा कूस नेमकी कोणत्या बाजूला वळवली असता गरगरते, हे लक्षात ठेवून जा.